वॉचमनने चोराला काठी हाणली, आता केस एकट्या वॉचमनवर का?

एमएच१९वाला: जळगाव एमआयडीसीतली गोष्ट. रात्री दोन पोरं केबल चोरायला घुसले, वॉचमनने एकाला काठी हाणली, हात मोडला. घरच्यांनी केस टाकली अन् एजन्सीवाला म्हणे आम्ही मारायला सांगितलंच नव्हतं. अरे भो मग काठी काय पाठ खाजवायला दिली होती का? बारा तासाची ड्युटी, एकटा माणूस, अंधार, समोरच्याच्या हातात कटर आहे का चाकू ते काय विचारत बसायचं? स्वसंरक्षणाचा हक्क वॉचमनला पण आहे, मालमत्ता वाचवायला पण आहे.

धुळेकर: आहे ना, पण लागेल तेवढाच. भारतीय न्याय संहितेचं कलम 37 वाच, जुन्या आयपीसीचं 99. पोरगा अंगावर आला होता का पळून राह्यला होता, ते आधी सांग. आमच्याकडे मार्केटात गाडी भरायला आलेल्या हमालाला चोर समजून गार्डनी बदडलं होतं, त्याच्या बाजूनी कोण बोललं?

एमएच१९वाला: कलम 41 पण वाच मग. रात्रीच्या घरफोडीत तर जीव घेण्यापर्यंत हक्क जातो.

धुळेकर: घरफोडी असेल तर! शेडमधे घुसला होता का केबल कंपाउंडमधे उघड्यावर पडलेली होती? साधी चोरी असेल तर तो हक्क तिथपर्यंत जात नाही, अन् 37 तर दोन्हीकडे लागूच.

भुसावळकर (माजी गार्ड): तुम्ही दोघं कलमं खेळा. मी चार वर्षं गार्ड होतो. खासगी सिक्युरिटी एजन्सींच्या 2005 च्या कायद्याखालच्या नियमात ट्रेनिंग 160 तासाचं, 100 वर्गात अन् 60 फील्डवर. मला मिळालं काय तर शिट्टी, ड्रेस (त्याचे पैसे पगारातून कापले) आणि रजिस्टर कसं भरायचं ते. चोर धरला तर सहा तासात पोलिसाच्या ताब्यात द्यायचा असतो हे मला नोकरी सोडल्यावर कळलं. ड्युटीवर नोकराने केलेल्या कामाची भरपाई मालकाकडून पण मागता येते, तर दाव्यात एजन्सीला पण ओढा, एकटा गार्ड कुठून देणार.

धुळेकर: हे पटलं. पण फौजदारी गुन्हा त्याचाच राहील, तो एजन्सीवर ढकलता येणार नाही.

एमएच१९वाला: केबल कंपाउंडमधेच होती, खोटं कशाला बोलू. पण पोरगा कटर उगारून आला असं वॉचमन म्हणतो.

धुळेकर: कॅमेरा?

एमएच१९वाला: होता. बंद होता. दिवाळीपासून तक्रार रजिस्टरमधे त्यानीच लिहून ठेवलेली आहे.

भुसावळकर (माजी गार्ड): मग त्या पानाचा फोटो आजच्या आज काढून ठेवा भो, रजिस्टर एजन्सीकडे असतं.