मदत हवी आहे: हाफ-टन पिकअपला फिफ्थ-व्हील ट्रेलर झेपेल का?

रानवाटा

नमस्कार. मुक्काम सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया. गाडी २०२१ ची फोर्ड एफ-१५०, म्हणजे हाफ-टन (हलक्या वर्गातला) पिकअप ट्रक, चार दारांची, मागचा उघडा हौदा साडेसहा फुटी, इंजिन ३.५ लिटर इकोबूस्ट. विक्रेत्याने दिलेल्या कागदावर ओढायची क्षमता ११,३०० पाउंड लिहिली आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पेलोड (माणसं, सामान, ट्रेलरचा टेका मिळून ट्रकवर घालता येणारा भार) १,७४२ पाउंड, जीव्हीडब्ल्यूआर (भरलेल्या गाडीचं कमाल मान्य वजन) ७,०५० आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा ४,०५० पाउंड आहे.

एक वापरलेला फिफ्थ-व्हील (ट्रकच्या हौद्यात जोडायचा राहायचा ट्रेलर) बघून ठेवलाय. जाहिरातीत 'हाफ-टन टोएबल', म्हणजे हाफ-टनने ओढता येईल असा, म्हटलंय. रिकामं वजन ६,१४०, रिकामा असताना किंगपिनवरचा (ट्रेलरच्या नाकाखालची, ट्रकवर टेकणारी पिन) भार १,१२०, ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआर ७,९००.

माझा हिशेब असा: १,७४२ मधून १,१२० गेले, उरले ६२२. आम्ही चौघं मिळून ५६०. म्हणजे ६२ पाउंड शिल्लक. जुलैत पुण्याहून आई-बाबा येणार आहेत, त्यांना घेऊन आय-८० ने डॉनर समिटवरून टाहोच्या बाजूला जायचा विचार आहे. हिशेब काठावरचा वाटतोय म्हणून विचारतो. मागच्या स्प्रिंगला एअरबॅग (आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) आणि जाड एलटी (लाइट-ट्रक) टायर टाकले तर प्रश्न सुटेल का? हिच (ट्रेलर जोडायचं साधन) कोणता घ्यावा? आणि जोडताना नेमकं काय चुकतं?

काटेकोर

रानवाटा, ट्रेलरचे पैसे अजून दिले नसतील तर थांबा. तुमचा ट्रक हा ट्रेलर ओढेल, पण पेलणार नाही. ११,३०० हा ओढण्याचा आकडा आहे. तुम्हाला अडवणारा आकडा १,७४२ चा आहे.

साध्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार हिचच्या गोळ्यावर येतो. फिफ्थ-व्हीलचं नाक हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या वर बसतं आणि २० ते २५ टक्के भार ट्रकवर टाकतं. म्हणून तो वाऱ्यात कमी डोलतो. पण त्याचमुळे ट्रकचा पेलोड सगळ्यात आधी संपतो.

तुमच्या हिशेबातली चूक रिकाम्या पिनच्या आकड्यात आहे. त्या १,१२० मध्ये बहुधा बॅटऱ्या नाहीत, भरलेले गॅस सिलिंडर नाहीत, पाणी नाही, कपडे-भांडी नाहीत. ३० पाउंडी दोन प्रोपेन सिलिंडर भरले की टाकीसकट ११० पाउंडांच्या आसपास होतात आणि बहुतेक मॉडेलमध्ये ते पुढेच असतात. सामानाचा मोठा कप्पा झोपायच्या खोलीखाली, म्हणजे ॲक्सलच्या पुढे. तिथे टाकलेल्या प्रत्येक खुर्चीचा बराचसा भार पिनवर येतो. पाणी गॅलनला ८.३४ पाउंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३४ पाउंड. घरगुती सामानाने ट्रेलर ७,३०० पर्यंत सहज जातो.

आता ७,३०० चे २१ टक्के धरा: १,५३३. हौद्यातला हिच १६० पाउंड. चौघं ५६०. बेरीज २,२५३. म्हणजे ५११ पाउंड जास्त. आई-बाबांचे २७० धरले तर ७८१ जास्त. हौद्यात अजून जनरेटर, लाकडं, शेगडी काहीच ठेवलेलं नाही.

मागच्या ॲक्सलचंही बघा. असा रिकामा ट्रक मागे साधारण २,२५० पाउंड टेकवतो. त्यात पिन आणि हिचचे १,६९३ मिळवले की ३,९४३. चौघांच्या वजनातले तीनेकशे मागे येतात, म्हणजे ४,२४० च्या वर. मर्यादा ४,०५०.

'हाफ-टन टोएबल' हे विक्रीचं लेबल आहे. त्याला कोणतंही ठरलेलं माप नाही. तुमच्या दारावरचं स्टिकर मात्र तुमच्या गाडीचं, तिच्यात बसवलेल्या सगळ्या ऑप्शनसकट काढलेलं आहे.

घाटउतार

काटेकोर यांच्या हिशेबाला दुजोरा. एअरबॅग आणि एलटी टायरबद्दल थोडं.

एअरबॅग किंवा जादा पाटे ट्रकची बसलेली शेपटी वर उचलतात, बस. ॲक्सलची नळी, चाकांच्या बेअरिंग, ब्रेक, चासी सगळं तेच राहतं. जीव्हीडब्ल्यूआर एका पाउंडानेही वाढत नाही. उलट ट्रक सपाट दिसल्यामुळे भार किती झालाय हे डोळ्यांना कळेनासं होतं, आणि मला हाच मोठा तोटा वाटतो.

टायरचं थोडं वेगळं आहे. एलटी, लोड रेंज ई (जास्त भार पेलणारा वर्ग), ८० पीएसआय हवा पेलणारे टायर कडेने कमी वाकतात, त्यामुळे ट्रेलर मागे असताना स्टिअरिंग ठाम लागतं. ट्रकवर साधे पी-मेट्रिक (मोटारीचे) टायर असतील तर त्यांच्या बाजूवर छापलेला भार १.१० ने भागून धरायचा असतो. बदल करायला हरकत नाही, पण पेलोड १,७४२ च राहणार.

ट्रेलरवरचे एसटी (खास ट्रेलरसाठीचे) टायरही तपासा. गार असताना बाजूवर लिहिलेला पूर्ण दाब हवा. बऱ्याच एसटी टायरांची वेगमर्यादा ६५ मैल असते. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांनी बदला, कारण ते झिजण्याआधी उन्हाने आणि उभ्या-उभ्या खराब होतात. तारीख बाजूवरच्या चार अंकांत असते: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

रानवाटा

दोघांचे आभार. हिशेब पुन्हा मांडला, तोच येतोय. खात्री करायला प्रत्यक्ष वजन कुठे आणि कसं करायचं? आणि मग माझ्यापुढे पर्याय काय?

काटेकोर

हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे ट्रक तोलायचा काटा, असतो. काट्याचे वेगवेगळे पट्टे असतात. पुढचा ॲक्सल पहिल्यावर, ट्रकचा मागचा दुसऱ्यावर आणि ट्रेलरची चाकं तिसऱ्यावर येतील असं उभं राहायचं. चिठ्ठी घेतली की ट्रेलर बाजूला सोडायचा आणि नुसता ट्रक पुन्हा काट्यावर न्यायचा. माणसं तीच, डिझेल-पेट्रोल तेवढंच, हिच हौद्यातच.

जोडलेल्या ट्रकचे दोन्ही ॲक्सल मिळवा, त्यातून नुसत्या ट्रकचं वजन वजा करा. तो तुमचा खरा पिनचा भार. समजा नुसता ट्रक चौघांसकट ६,०२८ आणि जोडल्यावर ७,५६१ आला, तर पिन १,५३३. आणि ७,५६१ हे ७,०५० च्या वर आहे हे तिथेच दिसेल. ट्रेलर विकत घ्यायच्या आधी मालक तयार असेल तर हे करून घ्या. रिकाम्या ट्रेलरचा आकडा आला तरी माहितीपत्रकापेक्षा बरा.

पर्यायांपैकी मी पहिला निवडेन. हाच ट्रक ठेवा आणि साधा, मागे जोडायचा ट्रॅव्हल ट्रेलर घ्या, भरून ६,००० पाउंडांच्या आत. १३ टक्क्यांनी ७८० पाउंड, वजन वाटणारा (थोडा भार पुढच्या चाकांवर ढकलणारा) हिच १०० पाउंड, चौघं ५६०: एकूण १,४४०. तीनशे पाउंड मोकळे राहतात. सहा जण बसलात तर १,७१०, म्हणजे कुलरसुद्धा ठेवता येणार नाही. त्या सहलीला आई-बाबांसाठी दुसरी गाडी बरोबर घ्या. ट्रकच्या मागच्या रिसीव्हरवरही (हिच अडकवायच्या नळीवर) वेगळं स्टिकर असतं, त्यावरची मर्यादाही पाळायची.

दुसरा पर्याय, फिफ्थ-व्हीलच हवा असेल तर तीन-चतुर्थांश टनाचा, म्हणजे हाफ-टनच्या वरच्या वर्गाचा ट्रक. तिथेही दारावरचं स्टिकर वाचून घ्या. डिझेल इंजिन काहीशे पाउंड जड असतं आणि या वर्गात जीव्हीडब्ल्यूआर बऱ्याचदा १०,००० ला बांधलेला असतो, म्हणून डिझेलवाल्याचा पेलोड पेट्रोलवाल्यापेक्षा कमी निघतो. जड ट्रेलर, लांब चढ असेल तर डिझेल. ७,९०० च्या ट्रेलरला पेट्रोल पुरतं.

फायबरग्लासचे छोटे फिफ्थ-व्हीलही मिळतात, स्कॅम्प कंपनीचा १९ फुटी त्यातला. ते हाफ-टनला खरोखर झेपतात, पण सहा जणांना अडचण होईल.

खुंटी

हिच आणि जोडणीबद्दल मी सांगते. ट्रक पुढे कोणताही घेतलात तरी हे लागेल.

आधी ट्रकच्या मॅन्युअलमध्ये तुमच्या हौद्याला फिफ्थ-व्हील चालतो का ते पाहा. सगळ्या हाफ-टनना चालत नाही. साडेपाच फुटी हौदा असेल तर काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेवर येतो, म्हणून सरकणारा हिच लागतो आणि तो जड असतो. साडेसहा फुटीलाही ट्रेलरच्या नाकाचा आकार बघून, मोकळ्या मैदानात कोणाला तरी बाहेर उभं करून, हळू वळवून तपासा. हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचा तळ यांत साधारण सहा इंच मोकळे हवेत. कमी असतील तर रस्त्यावरच्या चढउताराला ट्रेलर कडांवर टेकतो. पण हिच वर उचलून ही जागा वाढवत गेलात तर ट्रेलर नाक वर करून चालतो आणि त्याच्या मागच्या ॲक्सलवर भार जातो. दोन्ही मोजून हिचची मधली पडेल ती उंची निवडा.

जोडताना सगळ्यात घातक चूक म्हणजे पिन हिचच्या जबड्यात न शिरता त्याच्या वर बसणं. बाहेरून सगळं जोडल्यासारखं दिसतं, आणि ट्रक पुढे घेतला की ट्रेलरचं नाक हौद्याच्या कडांवर आदळतं. ट्रक मागे घेताना ट्रेलर जास्त उंच असेल तर असं होतं. म्हणून पिनभोवतीची प्लेट हिचच्या प्लेटपेक्षा अर्धा ते एक इंच खाली ठेवा, म्हणजे ट्रक मागे येताना ट्रेलर किंचित उचलला जाऊन प्लेटवर चढतो. ट्रक मागे घेण्याआधी ट्रेलरच्या चाकांखाली दोन्ही बाजूंनी ठोकळे आणि ट्रकचं मागचं फळकं खाली. ते विसरलं तर हमखास चेपतं.

खट् असा आवाज आला म्हणजे लागलं, असं समजू नका. टॉर्च घ्या, वाका आणि बाजूने बघा. दोन प्लेटांमधून उजेड आरपार दिसता कामा नये. जबडे पिनच्या बारीक मानेभोवती मिटलेले दिसले पाहिजेत. मग हँडलची खुंटी घाला.

नंतर सात पिनांची वायर (ट्रेलरचे दिवे आणि ब्रेक यांची) आणि ब्रेकअवे केबल, म्हणजे ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी. केबल ट्रकच्या पक्क्या भागाला अडकवायची, हिचच्या हँडलला कधीच नाही. हिचच निसटला तर केबल त्याच्याबरोबर जाईल आणि ट्रेलरचे ब्रेक लागणारच नाहीत. ते ब्रेक ट्रेलरच्या बॅटरीवर चालतात, म्हणून ती चार्ज हवी.

ट्रेलरचे पाय अजून जमिनीपासून जेमतेम इंचभर वर असताना ओढून बघा: हाताने ट्रेलर ब्रेक दाबून धरायचा आणि ट्रक हलका पुढे. पिन सुटली तरी ट्रेलर इंचभरच खाली येईल. धरून राहिला की मग पाय पूर्ण वर, फळकं बंद, ठोकळे सगळ्यात शेवटी.

ब्रेक कंट्रोलरचा गेन (ट्रेलरचे ब्रेक किती जोराने लागावेत तो आकडा) मोकळ्या सपाट रस्त्यावर लावा. २०-२५ मैलांच्या वेगाने हाताने पूर्ण ब्रेक दाबायचा. ट्रेलरने ट्रकला ठाम मागे खेचलं पाहिजे, पण चाकं घासत जाता कामा नयेत. ट्रेलर रिकामा आणि भरलेला असताना हा आकडा वेगळा येतो. चाकाच्या नटांचा टॉर्क पहिल्या ५० मैलांनंतर पुन्हा तपासा.

घाटउतार

डॉनरचा रस्ता: आय-८० चा माथा ७,२३९ फुटांवर आहे. पलीकडे ट्रकी गावाच्या बाजूला उतार छोटा. परतताना सॅक्रामेंटोच्या बाजूचा उतार मात्र लांबच लांब, तिथे ब्रेक तापतात. टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) चालू करून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर घ्या. वेग वाढलाच तर एकदा ठाम ब्रेक दाबून दहा मैलांनी कमी करा आणि पाय पूर्ण काढा. पाय सतत टेकवून ठेवला की ब्रेक थंड व्हायला वेळच मिळत नाही. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना कमाल वेग ५५ आहे, तो इथे तुमच्या फायद्याचाच आहे.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. फिफ्थ-व्हीलचा विचार सोडला, ६,००० च्या आतला साधा ट्रेलर बघतोय. एकच शेवटचं: काही तासांचाच रस्ता आहे, तेव्हा आई-बाबांना ट्रेलरमध्येच बसवलं तर?

काटेकोर

नको. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये चालत्या गाडीत माणसं बसवणं कॅलिफोर्नियात बेकायदा आहे. आतल्या सोफ्याला पट्टे नसतात, वरचे कप्पे उघडून सामान पडतं, आणि आत काही झालं तर तुम्हाला पुढे कळणारही नाही. दुसरी गाडी घ्या आणि तिला ट्रेलरच्या मागे ठेवा. टायर किंवा दिव्याचं काही बिघडलं तर मागच्यांना आधी दिसेल.