ऑनलाइन खेळात ऐनवेळी न येणाऱ्या खेळाडूंचे काय करावे? (नाशिक)

गोदाकाठ
नमस्कार. आमचा पाच खेळाडूंचा गट दर शनिवारी रात्री साडेनऊ वाजता डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या काल्पनिक पात्रे घेऊन खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती मराठीत खेळतो आणि खेळ मी चालवते. तिघे शहरातले आहेत, एकाची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि महाविद्यालयातली एक मैत्रीण लंडनला असते. अडचण शेवटच्या दोघांची आहे. शुक्रवारी दोघेही नक्की येतो म्हणून कळवतात, मी पाचही पात्रे धरून लढाई आखते, आणि शनिवारी एकाचा पत्ता नसतो, तर दुसरीचा दिलगिरीचा संदेश साडेदहाच्या सुमारास येतो. ऑगस्टपर्यंत सगळे सुरळीत होते. वेळेवर आलेल्या तिघांना ताटकळत ठेवून खेळ रद्द करणे मला फार जड जाते. गट न मोडता काय करता येईल? खर्च पाचशे रुपयांच्या आत हवा.

सातपूरकर
दोघांनाही काढून टाका. मी कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो, तरी पाळी बदलणार असल्यास आठवडाभर आधी गटात कळवतो. ज्याला यायचे असते, तो वेळ काढतोच. आमच्या गटात सलग दोनदा न कळवता गैरहजर राहिलेल्याची जागा दुसऱ्याला दिली जाते आणि त्यामुळे आमचा खेळ कधीही रद्द होत नाही.

वीस_बाजूंचा_फासा
माझे ऐकाल तर ‘फाउंड्री’ हे असे खेळ नकाशावर चालवायचे सॉफ्टवेअर घ्या. परवाना एकदाच घ्यावा लागतो, तो 50 डॉलरना मिळतो आणि केवळ खेळ चालवणाऱ्याकडे असला तरी पुरतो. नकाशावरचा प्रकाश, भिंती आणि दरवाजे इतके सुंदर दिसतात की माझे खेळाडू वेळेआधी येऊन बसतात.

गोदाकाठ
आभारी आहे, परंतु ही रक्कम आमच्या मर्यादेच्या कितीतरी पुढे जाते. नकाशासाठी ‘रोल20’ या संकेतस्थळाचे विनामूल्य खाते आम्हाला पुरते.

जुना_खेळाडू
हा खेळ 1974 साली आला, तेव्हा लोक एका टेबलाभोवती बसून खेळत असत, आणि तो तसाच खेळावा असे माझे ठाम मत आहे. कॉलेज रोडवर कोणाच्या तरी घरी जमा. समोर बसलेल्या माणसाला टांग देणे अवघड असते.

वीस_बाजूंचा_फासा
लंडनची खेळाडू कॉलेज रोडवर कशी येणार? मूळ प्रश्न पुन्हा एकदा वाचावा, ही विनंती.

टेम्सकाठचा_नाशिककर
साडेदहाच्या संदेशाकडे कोणीच लक्ष दिलेले दिसत नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जाते आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे येते; भारतात असे काही होत नाही. त्यामुळे तुमचे साडेनऊ म्हणजे तिथे उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच आणि हिवाळ्यात दुपारचे चार. ती कोणत्या वेळेला मोकळी होते, हे विचारून पाहा. डिस्कॉर्डवर कार्यक्रमाची नोंद केली, तर प्रत्येकाला आपापल्या स्थानिक वेळेनुसार तो दिसतो आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. मात्र खेळाची ठरलेली वेळ बदलू नका. वेळ हलली की गट विस्कटतो.

दिंडोरीकर
बागायतदाराला बेजबाबदार ठरवण्याआधी त्याचे वर्ष कसे जाते ते पाहावे. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळांसाठीची गोडी छाटणी होते, त्यानंतर ढगाळ हवा आली की डाऊनी (केवडा) या रोगाच्या भीतीने अवेळी फवारणी करावी लागते आणि जानेवारीपासून तोडणी सुरू होते. तोडणी आटोपते न आटोपते तोच एप्रिलची खरड छाटणी येते. अवकाळी पावसाचा अंदाज आला, तर शुक्रवारी मनापासून दिलेला शब्द शनिवारी पाळता येत नाही. तुमचा मित्र खोटे बोलत नसावा. वेळ मात्र त्याच्यासाठीही बदलू नका, कारण त्याला कोणतीच वेळ खात्रीने सोयीची नसते.

सातपूरकर
काम सगळ्यांनाच असते. कळवायला एक मिनिट लागते, एवढेच माझे म्हणणे आहे.

नकाशावाली
दिंडोरीकरांशी सहमत, परंतु हजर असलेल्यांनी का थांबावे? तिघे आले की पंधराव्या मिनिटाला खेळ सुरू होईल, असा नियम करा आणि लढाई तिघांसाठी आखून जास्तीचे राक्षस राखीव ठेवा. चौथा-पाचवा आला तर ते मैदानात उतरवता येतात. प्रत्येक सत्राच्या शेवटी पात्रे वस्तीत परत आणली, तर पुढच्या वेळी कोण आले नाही याने कथा अडत नाही. बेन रॉबिन्स यांची ‘वेस्ट मार्चेस’ पद्धत याच पायावर उभी आहे; तिच्यात ठरावीक गट नसतो आणि ठरावीक दिवसही नसतो.

जुना_खेळाडू
न आलेल्याला पात्राची पातळी वाढवणारे अनुभवगुण देऊ नका. आपोआप येईल.

नकाशावाली
तसे केल्यास तो परतेल तेव्हा त्याचे पात्र इतरांहून दुबळे असेल आणि तो कायमचा जाईल. पातळी सर्वांची एकदम वाढवावी.

फासेपारध
मीही हेच सांगणार होतो, दोघांना काढा. नवे खेळाडू डिस्कॉर्डवर हवे तितके मिळतात.

गोदाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. मैत्रिणीशी बोलले. तिचे शनिवारचे काम तिथल्या साडेचारला संपते आणि घरी पोहोचेपर्यंत पाच होतात, म्हणजे घड्याळ बदलल्यापासून ती ठरलेल्या वेळी येऊच शकत नव्हती. संकोचापोटी तिने ते सांगितले नाही. वेळ हलवू नये असे इथे दोघांचे मत आहे, तरीही मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत खेळ रात्री साडेदहाला सुरू करून साडेबाराला संपवायचा, असे मी शहरातल्या तिघांना विचारूनच ठरवले आहे.

निफाडच्या मित्राला काढणार नाही. त्याचे पात्र खरड छाटणी होईपर्यंत राजधानीत हेर म्हणून राहील आणि तो सवडीने गटाला पत्रे लिहील. पहिले पत्र त्याने काल रात्री फवारणीहून परतल्यावर पाठवले. ते इतके उत्तम आहे की पुढच्या दोन सत्रांची दिशा मी त्यावरून बदलली. तिघांचा नियम आणि सर्वांना एकच पातळी, या नकाशावाली यांच्या दोन्ही सूचना आजपासून लागू करत आहे.