सिंगल अँगल स्ट्रट: 0.85 धरायचं की टेबल 12?

नवा_डिझायनर:
भांडुपच्या एका गोडाऊनचा ट्रस (छत पेलणारा त्रिकोणी जाळीचा सांगाडा) करतोय. आतला तिरका मेंबर स्ट्रट आहे, म्हणजे दाब घेणारा: 65×65×6 (मिमी) चा सिंगल अँगल, एल आकाराचा एकच तुकडा, लांबी 1.5 मीटर, एकच पाय गसेटला (जोडाच्या पोलादी प्लेटला) दोन बोल्टनी जोडलाय. ऑफिसातले सर म्हणतात वाकण्याच्या हिशेबाला 0.85 एल (लांबीच्या 0.85 पट) धर आणि मोकळा हो, तसं केलं तर कपॅसिटी 78 किलोन्यूटन येते. पण आयएस 800:2007 (स्टील डिझाइनचा भारतीय कोड) चा 7.5.1.2 आणि त्यातला टेबल 12 लावला तर टोकं हिंज्ड (फिरू शकणारी) धरून 61-62 आणि फिक्स्ड (घट्ट धरलेली) धरून 85, आणि माझा फॅक्टर्ड लोड (सुरक्षेसाठी वाढवलेला भार) आहे 70, म्हणजे एकात पास एकात फेल! नक्की काय धरू?

गसेटप्लेट:
सरांचं 0.85 हे 1984 च्या कोडमधलं आहे, दोन बोल्ट किंवा वेल्ड असेल तर. नव्या कोडात 0.7 ते 0.85 आहे, पण ते गसेटच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या डबल अँगलला आणि तेही गसेटच्या प्लेनमध्येच, बाहेरच्या दिशेला पूर्ण 1.0. तुझा सिंगल आहे, लोड एका पायातून जातो म्हणजे सेंट्रॉइडपासून (छेदाच्या केंद्रापासून) बाजूला, मग तो वाकतोही आणि पिळतोही. सूत्रात पायाची रुंदी आणि जाडी घेतलीय ती त्या पिळासाठीच, त्यामुळे तिथे परत वेगळा 0.85 गुणायचा नाही, लांबी आहे तेवढीच ठेव आणि आरव्हीव्हीच (सगळ्यात कमकुवत, तिरक्या अक्षाची गायरेशन त्रिज्या) वापर, आरएक्सएक्स (पायाला समांतर अक्षाची) नाही, ही चूक मी खूप शीटवर बघितलीय.

नवा_डिझायनर:
पण मग फिक्स्ड की हिंज्ड?

गसेटप्लेट:
टेबलखालची टीप वाच, टोकाला अर्धवट रिस्ट्रेंट (अडवणूक) असेल तर मधली किंमत इंटरपोलेट करता येते. बरोबर मध्ये धरलंस तर 72 च्या आसपास येईल, कागदावर पास. पण पातळ गसेट आणि बारीक बॉटम कॉर्ड (ट्रसचा खालचा आडवा मेंबर) तेवढा अडवतो का हे तू सिद्ध कसं करणार? मी तरी हिंज्डच धरतो. 75×75×6 घे, हिंज्डमध्येही 79 मिळतात आणि वजन मीटरमागे जेमतेम एक किलोने वाढतं, एवढ्यासाठी जीव टांगणीला कशाला लावायचा.

साइटवरून:
यात अजून एक, ड्रॉइंगवर दोन बोल्ट ठळक लिही. आमच्याकडे एकदा फॅब्रिकेटरने जागा नाही म्हणून एकच मारला होता आणि एक बोल्ट हिंज्ड म्हणजे तुझ्या 65 च्या अँगलला 42 च उरतात. आणि मुंबईचा वारा 44 मीटर प्रति सेकंद, पत्रा हलका, सक्शनने (वाऱ्याच्या वरच्या ओढीने) बॉटम कॉर्ड उलटा कॉम्प्रेशनमध्ये जातो. तिथे स्लेंडरनेस (लांबी भागिले त्रिज्या) 350 पर्यंत चालते म्हणून लोक पुढे बघतच नाहीत, पण कपॅसिटी काढायचीच असते आणि बाहेरच्या दिशेची लांबी नोड ते नोड (जोड ते जोड) नाही तर टाय ते टाय (कॉर्डला बाजूने धरणारे मेंबर).

नवा_डिझायनर:
बॉटम कॉर्डला मी नोड ते नोडच धरलं होतं. आजच परत चेक करतो, अँगल 75 चा करतो आणि उद्या टेबल 12 समोर ठेवूनच सरांशी बोलतो.