जुनी मोठ्या बोअरची (नळीच्या मोठ्या छिद्राची) रिव्हॉल्व्हर्स एवढी टिकतात कशी?

म्हापशेकर:
नमस्कार मंडळी. मला हत्यार बाळगायचं नाहीये, यंत्रणा समजून घ्यायचं वेड आहे फक्त. कोल्टचं सिंगल ॲक्शन आर्मी १८७३ चं, वेब्ली ब्रिटिश फौजेत आलं १८८७ ला, आणि दोन्हींचे जुने नग परदेशात लोक आजही रेंजवर चालवतात. इथे आमच्या खिडकीची ग्रिल दोन पावसाळ्यांत गंजते, मग हे लोखंड शंभर वर्षं कसं टिकतं? पोलाद चांगलं म्हणून की डिझाइनमध्येच काही आहे? आणि हल्लीच्या पिस्तुलात पंधरा-सतरा गोळ्या बसतात तरी लोकांना सहा गोळ्यांचंच का आवडतं?

वाळपईवाले भाई:
बाब, प्रश्न छान आहे. डिझाइन आहेच पण खरी मेख काडतुसात आहे. ही काडतुसं काळ्या दारूच्या जमान्यातली, त्या दारूने दाब फार चढत नाही, मग मार वाढवायचा तर गोळी जाड आणि जड करायची हाच रस्ता. .४५ कोल्टची (हे माप इंचात) गोळी २५५ ग्रेन म्हणजे साधारण साडेसोळा ग्रॅम, मागे ४० ग्रेन काळी दारू. वेब्लीच्या .४५५ ची गोळी २६५ ग्रेनची आणि वेग सेकंदाला ६०० फुटांच्या आसपास, एकदम संथ. अमेरिकन मापाने .४५ कोल्टला कमाल दाब १४,००० पीएसआय आणि १९५५ च्या .४४ मॅग्नमला ३६,०००, बघा फरक केवढा. वेब्ली मार्क सिक्स किलोभर वजनाचं, त्यात असं मवाळ काडतूस, मग झीज होणार किती?

आवडण्याचं म्हणाल तर मला त्यातला सरळपणा आवडतो. पिस्तुलाला पुढची गोळी भरायला आधीच्या गोळीचा जोर लागतो, काडतूस फुसकं निघालं की सगळं थांबतं. इथे सिलिंडर तुमच्या बोटाने फिरतं, वेब्लीत पुन्हा चाप ओढा, कोल्टमध्ये घोडा मागे ओढा, पुढचं काडतूस समोर. आणि वेब्ली मधून मोडलं की सहाही रिकामी पुंगळी एकदम बाहेर फेकतं, १८८७ च्या मानाने हे काम किती देखणं आहे!

फोंडेकर_वर्कशॉप:
भाईंचं पटलं पण ही हत्यारं अमर आहेत असं कोणी धरू नये. कोल्टच्या आत पातळ पट्टीच्या स्प्रिंगा आहेत, त्या मोडतात, हे तिचं जुनंच दुखणं, म्हणून रुगर कंपनीने १९५३ मध्ये सिंगल सिक्स काढलं तेव्हा गुंडाळीच्या स्प्रिंगा घातल्या. दाब वाढवला की काय होतं तेही बघा, स्मिथ अँड वेसनचं .४४ मॅग्नमचं मॉडेल २९ इतकं गाजलेलं पण लोखंडी आकृत्या पाडायच्या स्पर्धांत लोकांनी जड काडतुसं सतत मारली तेव्हा सिलिंडर उलटं फिरण्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला आतले भाग सुधारावे लागले.

सगळ्यात वाईट वाटतं ते वेब्लीचं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत स्वस्तात गेली, तिथे .४५५ काडतूस मिळेना म्हणून सिलिंडर मागून घासून .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस बसवलं. त्या काडतुसाचा दाब २१,००० पर्यंत, या हत्यारासाठी तो कधी धरलेलाच नव्हता. शंभर वर्षं टिकणारी वस्तू अशी माणसांनीच खराब केली. आणि रिव्हॉल्व्हर अडकलं तर बरेचदा ते जागेवर सुटतही नाही, खोलायला लागतं.

पेडण्याचा_विनू:
ग्रिलचं मी सांगतो. बंदुकीच्या पोलादावरचं ब्लूइंग म्हणजे ऑक्साइडचा पातळ थर, तेल धरून ठेवतो एवढंच, खाऱ्या हवेला तो अडवत नाही. स्टेनलेस रिव्हॉल्व्हर १९६५ ला स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६० आलं तेव्हापासूनचं, त्याआधीचं सगळं तेलावर आणि माणसाच्या हातावर जगलंय. त्यात जुन्या फौजी काडतुसांच्या टोपीतला मसाला जळला की नळीत मीठ उरतं आणि मीठ तेलात विरघळत नाही, आधी गरम पाणी, मग सुकवणं, मग तेल. आमच्या इथे लोकांकडे रानडुकरांसाठी बंदुका आहेत, मिरगापासून चवथीपर्यंत कातडी कव्हरात ठेवली की कव्हराला बुरशी आणि नळीला गंज, दरवर्षी तेच. चामडं ओल धरतं, हत्यार त्यात ठेवायचंच नाही, कोरड्या कपाटात कव्हराशिवाय ठेवायचं.

म्हापशेकर:
धन्यवाद सगळ्यांना, दाबाचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. भाई, आपल्याकडे असं काही बघायला मिळतं का?

वाळपईवाले भाई:
.४५५ आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, .३८ आणि ९ एमएमही तसंच, साध्या परवान्यावर मिळत नाही. पण कानपूरच्या ऑर्डनन्सचं .३२ रिव्हॉल्व्हर वेब्ली मार्क फोरच्याच वंशातलं, तीच मधून मोडणारी फ्रेम, २०१४ चं निर्भीकही .३२ चंच. कोणा परवानाधारकाकडे असलं तर त्याच्याच हातात, रिकामं करून बघा, बिजागरी आणि वरची कडी नीट बघा. आणि कोणाला जुन्या घरात माळ्यावर असलं काही सापडलं तर घासत पुसत बसू नका, हात न लावता आधी पोलीस स्टेशनला कळवा.