मदत हवी आहे : पुरात गेलेला रस्त्याचा भराव नेमका कुणाच्या पैशातून होतो?

वेदगंगाकाठ
नमस्कार मंडळी. कर्नाटकातल्या निपाणी भागातल्या एका नदीकाठच्या गावातून लिहितोय, नाव मुद्दाम देत नाही. वेदगंगेच्या वरच्या अंगाला पाटगावकडं पावसानं जोर धरला की आमच्याकडं जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ असले कमी उंचीचे पूल पाण्याखाली जातात, हे इथल्यांना नवीन नाही. २०१९ आणि २०२१ ला यमगर्णीजवळ हायवेसुद्धा बंद पडला होता.

आमचं दुखणं त्यापेक्षा लहान आहे, म्हणूनच कुणी विचारत नाही. मळीकडं, म्हणजे नदीकाठच्या रानाकडं, जाणाऱ्या रस्त्यावर ओढ्याला मोरी (छोटा पूल) आहे. पूर ओसरला तेव्हा मोरी जागेवर होती, पण दोन्ही बाजूंचा भराव गेला आणि त्यातली पिण्याच्या पाण्याची पाइपलाइनही उखडली. पलीकडं वस्ती, शाळेची पोरं, आणि कारखान्याला जाणारा ऊस याच वाटेनं निघतो. लोकांनी वर्गणी काढून मुरूम टाकलाय, ट्रॅक्टर जेमतेम जातो.

पंचायत म्हणते एवढा निधी नाही, वर जावा. वर गेलं तर रस्ता आमच्या यादीत नाही म्हणतात. पंचनामे घरांचे आणि पिकांचे झाले, रस्त्याचा झालाच नाही. पूर्वी जिल्हा पंचायतीचा मेंबर तरी गाठता यायचा. २०२१ ला मुदत संपली, निवडणूक नाही, नुसते प्रशासक. आता अर्ज कुणाला आणि कोणत्या निधीतून मागायचा? मोरी मोठी करून मिळेल का? आणि मराठीत लिहिलेला अर्ज चालतो का?

खानापूरचा_माजी_मेंबर
भाऊ, तुम्ही तीन कामं एका अर्जात मागताय, म्हणून तो फिरतोय. फोडा त्याला.

भराव हे तातडीच्या दुरुस्तीचं काम. ते राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत बसतं. त्यात केंद्राचे ७५ टक्के, राज्याचे २५, आणि जिल्ह्यात पैसा जिल्हाधिकाऱ्यांकडून सुटतो. पण हा निधी रस्ता पुन्हा चालू करण्यापुरताच. २०१५ ते २०२० च्या निकषांत ग्रामीण रस्त्याला किलोमीटरमागे ६० हजार होते, त्यात डांबरीकरणाची स्वप्नं बघू नका. नुकसानीच्या यादीत नाव नसेल तर तेही नाही. तेव्हा आधी ग्रामसभेचा ठराव, फोटो, आणि पंचायत राज इंजिनिअरिंग खात्याच्या इंजिनिअरकडून जागेची पाहणी व अंदाजपत्रक. मग तहसीलदारांकडं आणि तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्यांकडं एक एक प्रत, दोन्हीकडं पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

पाइपलाइनला कुणाच्या दारात जायची गरज नाही. १५व्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला आहे. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) थेट विचारा त्यात किती शिल्लक आहे. "निधी नाही" हे उत्तर बहुतेक वेळा इतर कामांसाठीच्या उरलेल्या ४० टक्क्यांबद्दल असतं.

मोरी मोठी करणं हे नवं बांधकाम. तातडीच्या निधीत ते घुसवलं की सगळी फाइल परत येते. २०२१ पासून आपत्ती निधीचा २० टक्के हिस्सा पुढचं नुकसान टाळण्यासाठी वेगळा ठेवलाय, नाहीतर आमदार निधी. दोन्हीकडं वेळ लागणार. आमच्याकडं तर रस्ता जंगलातून असला की वन खात्याची परवानगी आधी, तुम्ही त्या मानानं सुखी.

यादीत का नाही हे लेखी विचारा, माहिती अधिकारात. तोंडी उत्तराला किंमत नाही.

चिकोडीवाला
अर्ज मराठीत देऊन ठेवा, पण सोबत कन्नड प्रत जोडा. तत्त्वाची लढाई पावसाळ्याच्या आधी संपत नाही.

बेळगावकर_७२
महाराष्ट्रात असतो तर ही वेळच आली नसती.

खानापूरचा_माजी_मेंबर
दादा, २०१९ च्या पुरात महाराष्ट्रातल्याच शिरोळला जाऊन आला असता तर असं म्हणाला नसता. सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे.

वेदगंगाकाठ
आभार, डोक्यातला गुंता बराच सुटला. रस्ता यादीत नाही म्हणजे कुणाच्याच नावावर नाही का, हे मात्र कळलं नाही. आणि पाइपलाइनचं काम आधी झालं तर भराव टाकताना ती पुन्हा फुटणार, ही भीती आहे. पंचायतीला थांबायला सांगू का?

खानापूरचा_माजी_मेंबर
थांबवू नका, मार्चनंतर ते पैसे कुठं वळतील सांगता येत नाही. पाइप भरावात पुरू नका, मोरीच्या भिंतीला कड्या मारून लोखंडी पाइपमधून पलीकडं न्या, म्हणजे पुढचा भराव गेला तरी पाणी चालू राहील. आणि रस्ता पंचायतीच्या मालमत्ता नोंदीत आहे का बघा. नसेल तर ठरावात तेच पहिलं कलम घाला, नाहीतर कुठल्याच खात्याला त्यावर खर्च दाखवता येणार नाही.