तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची

भुताच्या गोष्टींनी पोरं भित्री होतात, त्या घरात सांगूच नयेत, असं कुणीतरी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, रानाला लागून. पावसाळ्यात लाईट गेली की आज्जी चुलीत फणसाच्या आठळ्या भाजत चकव्याची गोष्ट सांगायची. आजोबा रात्री खळ्यावरून परतताना त्यांना चकवा लागला. ओळखीचाच बांध तीनदा ओलांडला तरी घर येईना. मग ते जागीच बसले, चंची सोडली, पान लावलं आणि उजाडेपर्यंत हलले नाहीत. एवढीच गोष्ट. पण मध्येच चुलीत आठळी तट्‌ करून फुटायची, आज्जी गप्प व्हायची आणि आम्ही तिच्या लुगड्यात शिरायचो. वाट चुकली तर धावू नये, बसावं, हे मी तिथं शिकले.

नव्वदच्या दशकात कर्नाटकात दारांवर 'नाळे बा' म्हणजे 'उद्या ये' लिहायची लाट आली. ओळखीच्या आवाजात हाक मारणारी भुताची बाई ते वाचून रोज परत जाते म्हणे. आज्जीला कन्नड वाचता येत नव्हतं, पण अर्थ कळल्यावर ती लगेच म्हणाली, "मग मी काय सांगत होते? भूत काही तीनदा हाक मारत नाही, रात्री तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची!"

माझी लेक आता ही चकव्याची गोष्ट मागून ऐकते. एक शब्द बदलला तरी चालत नाही तिला.

निपाणी-चिकोडीकडं चकव्याला काय म्हणतात? कुणाच्या घरात गोष्ट असेल तर सांगा.