मदत हवी आहे: पीआयव्हीत विंडो लहान केली की डिसिपेशन रेट वाढतच जातोय

मंडळी, स्टर्ड टँकवर (ढवळणीच्या टाकीवर) पीआयव्ही, म्हणजे पाण्यातल्या कणांचे लेझरच्या दोन पल्सवर लागोपाठ फोटो घेऊन वेग मोजणं, केलेलं कोणी आहे का इथे? आमचे गाइड सीएफडीवाले (संगणकावर प्रवाहाचं गणित करणारे), त्यामुळे लेझरला हात लावणारी लॅबमध्ये मी एकटीच.

३०० मिमी व्यासाची ॲक्रिलिक टाकी, चार बॅफल (भिंतीलगतच्या उभ्या पट्ट्या), १०० मिमीचा सहा पात्यांचा रश्टन टर्बाइन (ढवळणारं चक्र), साधं पाणी, ३०० आरपीएम. म्हणजे रेनॉल्ड्स नंबर (प्रवाह किती खवळलेला ते सांगणारा आकडा) ५०,००० आणि पात्याच्या टोकाचा वेग साधारण १.५७ मी/से. गोल भिंतीतून चित्र वाकडं दिसतं म्हणून टाकी पाण्याने भरलेल्या चौकोनी पेटीत ठेवली आहे. पात्यांवरच्या चमकेने कॅमेरा आंधळा व्हायचा. रोडामाइनचे कण आणि नारिंगी फिल्टर वापरल्यावर ती कटकट गेली. दोन पल्समध्ये १५० मायक्रोसेकंद. सरासरी वेग झकास येतात.

गाडी अडलीय एप्सिलॉनपाशी, म्हणजे डिसिपेशन रेटपाशी (भोवऱ्यांची ऊर्जा दर किलो पाण्यामागे किती वेगाने उष्णतेत विरते तो दर). पॉवर नंबर (टर्बाइन किती शक्ती खातो ते सांगणारा आकडा) ५ धरला तर सव्वासहा वॅट, म्हणजे सरासरी ०.३ वॅट/किलो. त्यावरून कोल्मोगोरोव्ह लांबी (सगळ्यात बारीक भोवऱ्यांचा आकार) ४३ मायक्रॉन, पात्यांजवळ त्याहूनही कमी. आणि माझा एक पिक्सेलच ३० मायक्रॉनचा! ३२ पिक्सेलची विंडो (फोटोतल्या ज्या चौकोनातून एक सरासरी वेग निघतो तो) म्हणजे जवळपास १ मिमी, बारीक भोवरे तिच्यात विरूनच जातात. ६४ वरून ३२, मग १६ केली, एप्सिलॉन थांबायचं नाव घेत नाही. ही वाढ खरी की नॉइज?

शिवाय लेझर पात्याच्या कोनाशी सिंक केलेला नाही. पातं समोरून जाताना होणारी ठरावीक चढउतारही टर्ब्युलन्समध्ये धरली जातेय. ती पीओडीने (मोजलेल्या प्रवाहातले ठळक नमुने गणिताने वेगळे करून) काढता येईल, की शाफ्टचा कोन सांगणारा एन्कोडर बसवावाच लागेल?

प्रतिसाद:

एन्कोडर बसवाच. पीओडीने जमतं, पण परीक्षक तिथेच धरतील.

विंडोचं म्हणाल तर सगळ्या टाकीला एकच उत्तर नाही. विस्थापनात ०.१ पिक्सेलची चूक धरा: ३ मायक्रॉन भागिले १५० मायक्रोसेकंद, म्हणजे ०.०२ मी/से. १६ च्या विंडोत, शेजारच्या विंडो ५० टक्के एकमेकींवर (ओव्हरलॅप) असताना, एवढ्यातून ०.०५ वॅट/किलोच्या आसपास खोटा एप्सिलॉन तयार होतो. पात्यांजवळ खरा आकडा सरासरीच्या कित्येक पट, त्यापुढे हा किरकोळ. तिथली वाढ बहुतांशी खरी आहे आणि १६ लाही ती पुरी पकडली जात नाही. वरच्या शांत पाण्यात मात्र हाच नॉइज खऱ्याला गिळतो. तिथे पल्समधलं अंतर वाढवून वेगळे फोटो घ्या.

पात्यांजवळ शेंग, मेंग आणि फॉक्स यांची २००० सालची लार्ज एडी पीआयव्ही पद्धत बघा. विंडोत न मावणाऱ्या बारीक भोवऱ्यांचा वाटा त्यात स्मॅगोरिन्स्की मॉडेलने धरतात. त्या मॉडेलमधला ०.१७ चा स्थिरांक डोळे झाकून घेऊ नका. शाफ्टवर टॉर्क मीटर आहे का? पॉवर नंबर पुस्तकातून घेण्यापेक्षा मोजलेला बरा.